निवणारा वायू, न जळणारी धूळ : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी धुळ्याचा. त्यामुळे विषय धुळीचा निघाला की "सर, गाव बरोबर निवडलंत" हा विनोद ठरलेला. हिवाळ्यात शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही आठ इंची दुर्बीण लावतो. गुरूचे चंद्र आणि कृत्तिका बघून झाल्या, चहा झाला, की गप्पा दीर्घिकांकडे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट वस्त्यांकडे वळतात आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. दीर्घिका निवणाऱ्या वायूत बसलेली असेल तर तिथे तारे किती जन्मतात आणि धूळ कुठून येते, याची उत्तरं मी आता इथेच लिहून ठेवतो. म्हणजे थंडीत तोंडाची वाफ वाया जाणार नाही.

'कूलिंग फ्लो' म्हणजे नेमकं काय?

दीर्घिका एकट्यादुकट्या असतात तशा शेकड्यांच्या समूहातही असतात. अशा समूहात दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे १ कोटी ते १० कोटी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. समूहातल्या सगळ्या ताऱ्यांचं वस्तुमान एकत्र केलं तरी हा वायू त्याच्या कित्येक पट भरतो. म्हणजे दिसतात ते दिवे, आणि खरा माल अंधारात.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही, तो क्ष-किरण सोडतो. हे किरण हवेतून खाली येत नाहीत, म्हणून उपकरण वर न्यावं लागतं. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून 'उहुरू' उपग्रह सुटला. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. क्ष-किरण दीर्घिकांच्या समूहभर पसरलेल्या वायूतून येतात, हे त्याच्या निरीक्षणांतून कळलं.

आता किरण सोडणं म्हणजे उष्णता गमावणं. समूहाच्या मध्यभागी वायू दाट असतो, आणि दाट वायू लवकर निवतो, कारण किरण बाहेर पडतात ते कणांच्या गाठीभेटींतून. घनता दुप्पट झाली तर तेवढ्याच जागेतून प्रकाश चौपट निघतो. घरात कापूस साठवलेली खोली आठवा. वरचा कापूस भुसभुशीत आणि तळचा वरच्याच्या ओझ्याने दबलेला असतो. तसाच मधला वायू निवला की त्याचा दाब घटतो, वरचा थर त्याला आणखी दाबतो, तो आणखी दाट होतो आणि आणखी लवकर निवतो. अशा रीतीने वायू मध्याकडे हळूहळू सरकत जावा, हे गणित १९७७ मध्ये मांडलं गेलं. त्यालाच कूलिंग फ्लो म्हणतात. मराठीत मी 'निवता प्रवाह' म्हणतो. कुणाला आवडत नाही, पण अर्थ लगेच कळतो.

कोट्यवधी अंश तापमान असूनही तिथे सगळं जळून खाक कसं होत नाही?

तो वायू अतिशय विरळ आहे. समूहाच्या गाभ्यातसुद्धा एका घनसेंटिमीटरला शंभरात एक ते दहात एक कण, म्हणजे पुष्कळ ठिकाणी एक कण सापडायला लिटरभर नाही तरी वाटीभर जागा धुंडाळावी लागेल. आपल्या खोलीतल्या हवेत एका घनसेंटिमीटरलाच कणांच्या आकड्यावर १९ शून्यं असतात. तापमान म्हणजे कणांचा वेग. भाजायचं तर कणांची गर्दीही लागते.

मग पाऊस का पडला नाही?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका म्हाताऱ्या शेतकरी बाबांनी विचारला, आणि तोही अहिराणीत : "मंग पानी पडनं का नई?" सगळ्या विषयाचं सार त्या पाच शब्दांत आलं.

आभाळ भरून आलंय, वाराही आहे, पण पाऊस नाही, हे खान्देशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथेही तेच. जुन्या हिशेबाने मोठ्या समूहाच्या मध्यावर दरवर्षी शेकडो सूर्यांइतका वायू थंड होऊन साचायला हवा. एवढा वायू थंड झाला तर त्यातून तारे जन्मायला हवेत. तुलनेला आपली आकाशगंगा घ्या, ती वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांइतकेच तारे घडवते. म्हणजे समूहाच्या मध्यावरची दीर्घिका तरुण, निळ्या ताऱ्यांनी नुसती उजळून निघायला हवी. प्रत्यक्षात अशा बऱ्याच दीर्घिका पिवळट, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या निघतात. कन्या समूहातल्या एम ८७ मध्ये नवे तारे जवळपास नाहीतच. ययाती समूहातल्या एनजीसी १२७५ मध्ये आहेत, पण अपेक्षेच्या मानाने थोडे.

बरीच वर्षं लोक म्हणत होते की वायू निवतोय, पण तारे लहान आणि अंधुक होत असतील, म्हणून दिसत नसतील. १९९९ मध्ये दोन क्ष-किरण वेधशाळा वर गेल्या, जुलैत 'चंद्रा' आणि डिसेंबरात 'एक्सएमएम-न्यूटन'. पहिलीचं नाव सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यावरून आहे, हे मुलांना मी आवर्जून सांगतो. 'एक्सएमएम-न्यूटन'च्या वर्णपटात, म्हणजे किरणांच्या ऊर्जेनुसार केलेल्या फोडीत, भलतंच निघालं. वायू निवताना प्रत्येक तापमानाला लोहाच्या ठरावीक रेषा उमटायला हव्यात. वरच्या तापमानाच्या रेषा होत्या, खालच्या जवळपास गायब. बाहेरच्या वायूच्या साधारण एक तृतीयांश तापमानापर्यंत वायू उतरतो, आणि त्याखाली फारसा नाहीच. ढग आले, पण पाऊस वाटेत कुणीतरी अडवला.

अडवतं कोण?

दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर. थोडा थंड वायू त्याच्याकडे पोहोचला की त्यातला काही गिळला जातो, आणि त्या पडण्याच्या बळावर दोन्ही बाजूंना कणांचे झोत सुटतात. हे झोत तापलेल्या वायूत शिरून पोकळ्या फुगवतात. चुलीवर पिठलं रटरटताना बघा. बुडातून बुडबुडा उठतो, वर येऊन फुटतो आणि भोवतालचं पिठलं हलवून सोडतो. ययाती समूहात अशा पोकळ्या 'चंद्रा'च्या चित्रात स्वच्छ दिसतात. २००५ मध्ये एमएस ०७३५ नावाच्या दूरच्या समूहात तर एवढ्या मोठ्या पोकळ्या सापडल्या की एकेकीत आपली अख्खी आकाशगंगा मावून जागा उरेल.

वायू जास्त निवला की कृष्णविवराला खाणं जास्त, झोत जास्त, आणि गरमीही जास्त. गरमी वाढली की खाणं तुटतं. घरच्या टाकीतला बॉल कॉक हेच करतो : पाणी चढलं की नळ बंद, उतरलं की चालू. फरक एवढाच की इथे कॉक हलायला कोट्यवधी वर्षं लागतात, त्यामुळे मधल्या काळात थोडं पाणी सांडतं. नव्या ताऱ्यांचा जन्म हे ते सांडलेलं पाणी, असं मला वाटतं. दाखला म्हणून सांगतो : मध्यावरचा वायू १०० कोटी वर्षांहून कमी वेळात निवण्याइतका दाट असेल, तेव्हाच मधल्या दीर्घिकेत नवे तारे आणि थंड वायू सापडतो. त्याहून सावकाश निवणाऱ्या समूहांत सगळं कोरडं.

पोकळ्यांतली ताकद भोवतालच्या वायूत मुरते कशी, यावर वाद आहे. ध्वनिलहरी, धक्के, भोवरे, सगळ्यांचा वाटा थोडाथोडा असावा. २०१६ मध्ये जपानच्या 'हितोमी'ने ययाती समूहातला वायू सेकंदाला साधारण १६४ किलोमीटर वेगाने घुसळतोय असं मोजलं. समूहाच्या मानाने हे फार शांत आहे. फेब्रुवारीत सुटलेला तो उपग्रह मार्च संपायच्या आत निकामी झाला. एवढ्या थोड्या दिवसांत हाती लागलेला हा आकडा, म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो.

असा एकही समूह नाही का, जिथे पाऊस खरोखर कोसळतोय?

आहे. फिनिक्स समूह, सुमारे ५७० कोटी प्रकाशवर्षांवर. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीने तो शोधला, आणि २०१२ मध्ये जाहीर झालं की त्याच्या मधल्या दीर्घिकेत वर्षाला सुमारे ७४० सूर्यांइतके तारे जन्मतायत. २०२५ मध्ये वेब दुर्बिणीने तिथे अधल्यामधल्या तापमानाचा, काही लाख अंशांचा वायूही दाखवला. साखळीतला इतके दिवस न सापडणारा दुवा तोच. कॉक तिथे काही काळ अडकला असावा. आभाळात एक चेरापुंजीही आहे म्हणायची.

अंतराळातली धूळ आपल्या धुळीसारखीच असते का?

नाही. मे महिन्यात पारोळा ते धुळे रस्त्यावर डोळ्यात जाणारा फुफाटा हे मातीचे जाडजूड कण. अंतराळातले कण बहुधा मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढे असतात. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत पाचशे ते हजार कण शेजारी शेजारी बसतील. विडीच्या धुराशी तुलना जवळची. घटक म्हणाल तर वाळूतले असतात तसे सिलिकेट, आणि काजळीसारखा कार्बन. थंड ढगात त्यावर बर्फाचा पापुद्राही चढतो. आकाशगंगेत वायूच्या वजनाच्या साधारण शंभरावा भाग धूळ असते.

तरी ती डोळ्यांनी दिसते. उन्हाळ्यात तोरणमाळला रात्र काढली तर वृश्चिक आणि धनूच्या बाजूला आकाशगंगेचा पट्टा मधोमध चिरल्यासारखा दिसतो. तारे तिथेही आहेतच, फक्त धूळ आड येते.

एवढ्या तापलेल्या वायूत धूळ टिकतेच कशी?

टिकू नये, आणि तरी सापडते. म्हणूनच मला हा विषय आवडतो.

तापलेल्या वायूतले कण सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने पळतात. धुळीच्या कणावर ते आदळत राहतात आणि अधूनमधून एखादा अणू उडवतात. जात्यात दाणा भरडावा तसा कण झिजत जातो. समूहाच्या गाभ्यात हे काम १० लाख ते १ कोटी वर्षांत उरकतं. तुम्हा-आम्हाला हा काळ प्रचंड, पण दीर्घिकेचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं. त्यामुळे साधा तर्क असा की निवून आलेल्या वायूत धूळ असणारच नाही. ती आधीच भरडली गेलेली.

प्रत्यक्षात नरतुरंग समूहातली एनजीसी ४६९६ बघा. आपल्यापासून साधारण १५ कोटी प्रकाशवर्षांवर. तिच्या मध्याभोवती धुळीचा एक गडद पट्टा वळसा घालून गेलाय, प्रश्नचिन्हाच्या आकाराचा. हबलचा फोटो मी वर्गात दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, परीक्षा तिथेपण आहे का?" ययाती आणि इतर समूहांतही मधल्या दीर्घिकेत धूळ आहे, आणि ती नेमकी थंड वायूच्या सोबतीने आहे.

मग ही धूळ आली कुठून? एक वाट म्हणजे म्हातारे तारे. मधली दीर्घिका जुन्या ताऱ्यांनी भरलेली असते, आणि लाल राक्षसी तारे मरताना वायू आणि काजळी ओकत असतात. ही धूळ तापलेल्या वायूत पडायच्या आत थंड ढगात शिरली तर वाचते. दुसरी वाट म्हणजे शेजारची लहान दीर्घिका गिळली, आणि ती आपली धूळ घेऊन आली. तिसरी वाट म्हणजे धूळ थंड ढगातच वाढते, अणू कणाला चिकटत जातात. मला पहिली वाट सगळ्यात पटते, कारण धूळ आणि पोकळ्यांमागून वर ओढला गेलेला थंड वायू सोबतच दिसतात. कृष्णविवराचा बुडबुडा वर चढताना मध्यावरचा धुळकट वायू मागे खेचून नेतो. तो बाहेर जाऊन पुन्हा निवतो, आणि मग तारे घडवायला त्याला धूळ आयतीच मिळते. कढईच्या बुडाची खरवड वर येते तसं.

धूळ ताऱ्यांच्या जन्माला मदत करते की अडथळा?

मदत. हायड्रोजनचे दोन सुटे अणू मोकळ्या जागेत एकमेकांना सहज चिकटत नाहीत. धुळीच्या कणावर दोघं उतरतात, भेटतात, रेणू होऊन निघून जातात. लग्नघरचा मांडवच म्हणा. शिवाय धूळ अतिनील किरण अडवते, त्यामुळे रेणू फुटत नाहीत आणि ढग निवत जातो. तारे जन्मतात ते अशाच रेणूंच्या ढगांत. एनजीसी १२७५ मध्ये रेणूंचा थंड वायू कित्येक अब्ज सूर्यांच्या वजनाचा आहे. धूळ नसती तर तो एवढा साचलाच नसता.

किती तारे जन्मले हे मोजतात कसं?

इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण वर्तमानपत्रात छापून येणारे आकडे इथूनच येतात.

पहिली पद्धत अतिनील प्रकाशाची. तरुण, भारदस्त तारे निळे आणि अतिनील चमकतात आणि लवकर मरतात. अतिनील जास्त म्हणजे नुकताच जन्म. पण धूळ नेमका हाच प्रकाश जास्त खाते. मेमध्ये वारं सुटल्यावर चोपड्याहून सातपुडा बघा. डोंगर नाहीसा झालेला असतो, आणि मावळता सूर्य तव्यावरच्या निखाऱ्यासारखा लाल. निळा भाग वाटेत गेला, लाल पोहोचला. दीर्घिकेलाही हेच होतं. धुळीचा हिशेब न धरता अतिनील मोजलं तर जन्मदर कमी निघतो.

दुसरी पद्धत खाल्लेला प्रकाश मोजण्याची. धूळ प्रकाश गिळते आणि स्वतः थोडी तापते, थोडी म्हणजे उणे अडीचशे ते उणे दोनशे तीस अंश सेल्सिअस. एवढ्या थंड वस्तूचा प्रकाश अवरक्त असतो. त्यासाठी १९८३ मध्ये 'आयरास', २००३ मध्ये 'स्पिट्झर' आणि २००९ मध्ये साडेतीन मीटर आरशाचा 'हर्शेल' हे उपग्रह वर गेले. स्पिट्झरने समूहांच्या मधल्या दीर्घिका तपासल्या, तेव्हा निवत्या गाभ्याच्या समूहांत अवरक्त चमक जास्त आढळली. जिथे वायू निवतो तिथे नवे तारे आणि धूळ, हा संबंध तिथे पक्का झाला.

पण थांबा. धूळ तापवायला तारेच लागतात असं नाही. कृष्णविवराभोवतालचा झगझगाटही ती तापवतो, आणि म्हातारे तारेही थोडीफार ऊब देतात. जास्त तापलेली धूळ कृष्णविवराजवळची असते, तिचा प्रकाश जरा आखूड तरंगलांबीचा. दोन्ही वेगळे काढले तरच आकडा खरा. माझ्या मते बातमीत 'वर्षाला इतके तारे' वाचलं की आधी शोधावं, धुळीचा आणि कृष्णविवराचा हिशेब मांडलाय की नाही. नसेल तर तो आकडा जुन्या बाजारभावासारखा : ऐकायचा, पण त्यावर माल भरायचा नाही.

त्या दीर्घिकेभोवतालचे लाल धागे म्हणजे नवे तारेच ना?

नाही, बहुतेक ठिकाणी नाही. एनजीसी १२७५ च्या हबल फोटोत बाहेर पसरलेलं जे लाल जाळं दिसतं, तो हायड्रोजनचा प्रकाश. २००८ मध्ये हबलने हे धागे सुटे करून दाखवले : रुंदी सुमारे २०० प्रकाशवर्षं, लांबी २० हजार प्रकाशवर्षांपर्यंत. एवढे बारीक धागे तापलेल्या वायूत तुटून जायला हवे होते. त्यांना चुंबकीय क्षेत्र बांधून ठेवतं. वीण घट्ट असली की धागा उसवत नाही. काही धाग्यांत निळ्या ताऱ्यांचे पुंजके आहेत, बरेच मात्र ताऱ्यांशिवायच चमकतात. म्हणून लाल प्रकाश मोजून जन्मदर काढायला गेलात तर फसाल.

आता गंमत. २०१६ मध्ये चिलीच्या वाळवंटातल्या 'अल्मा' दुर्बिणींनी अबेल २५९७ या समूहाच्या दीर्घिकेत थंड ढग कृष्णविवराकडे कोसळताना पकडले. कुंभ राशीत, १०० कोटी प्रकाशवर्षांवर. ढगांचा वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर. म्हणजे पाऊस पडतोच, पण पडणाऱ्या थेंबांचा एक भाग शेतात नाही, विहिरीत जातो.

भारतातून यावर काही काम होतं का?

होतं, आणि आपल्या राज्यातूनच. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० तबकड्या. पोकळ्या जुन्या झाल्या की त्यातले इलेक्ट्रॉन दमतात आणि फक्त कमी वारंवारितेत चमकतात. कमी वारंवारिता ही जीएमआरटीची खासियत. २०२० मध्ये भुजंगधारी समूहातल्या अतिप्रचंड स्फोटाचा शोध जाहीर झाला, त्यात 'चंद्रा' आणि 'एक्सएमएम-न्यूटन'च्या जोडीने जीएमआरटीचीही निरीक्षणं होती. सप्टेंबर २०१५ मध्ये गेलेल्या 'अॅस्ट्रोसॅट' या भारतीय उपग्रहावर अतिनील दुर्बीण आहे, ती तरुण तारे शोधायला कामी येते.

"आपल्याकडे पूर्वी आकाशाचा अभ्यास होता का?" हेही दरवेळी कुणीतरी विचारतं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात ते कोरलेलं आहे.

आमच्या गावातून यातलं काही दिसेल का?

एनजीसी १२७५ साठी डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी ययाती डोक्यावर येऊ द्या. अल्गोल तारा शोधा, त्याच्या पूर्वेला दोन अंशांवर बघा. आठ इंची दुर्बीण आणि काळोखी रात्र असेल तर अंधुक ठिपका सापडतो. धागे दिसणार नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर शिव्या मला बसतात. एम ८७ सोपी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास रात्री डोक्यावर असते. एनजीसी ४६९६ त्याच सुमाराला दक्षिणेला क्षितिजापासून २८ अंश वर येते. पण तेव्हा आपल्याच फुफाट्याने ती झाकलेली असते. अवकाळीची एखादी सर पडून गेल्यावर दुसऱ्या रात्री बघा.

आरशावर धूळ बसली तर हात लावू नका. गेल्या वर्षी एका उत्साही पाहुण्याने खिशातल्या रुमालाने आरसा पुसला. चरे अजून आहेत, आणि प्रत्येक ताऱ्याला आता एक मिशी दिसते.